अर्ध्या तासात 800 कॅलरी? नाही. आणि तो रेनकोट आधी काढा

मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. मलाही तो तीन जणांनी पाठवला. मजकूर असा: "नव्याने चालायला लागलेल्यांसाठी. सकाळी उपाशी पोटी, रेनकोट घालून, पाणी न पिता अर्धा तास झपझप चाला. 800 कॅलरी जळतात. घाम म्हणजे वितळलेली चरबी. पोटाला पट्टा बांधला तर आधी पोट उतरतं. घड्याळ दाखवेल तेवढ्या कॅलरी बिनधास्त खा."

मावशी 61 वर्षांची, वजन 64 किलो, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. तिने सगळं तंतोतंत पाळलं. गोळी घेतली, नाश्ता आल्यावर करू म्हणाली आणि रेनकोट चढवून ठाण्यातल्या वर्तकनगरहून उपवन तलावाला गेली. तलावाच्या दुसऱ्या फेरीत हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर बसवून कुणीतरी रेनकोट काढला तेव्हा बाहीतून घामाची धार लागली होती. एका बाईंनी टपरीवरून दुप्पट साखर घालून चहा आणला. तो पिऊन घरी आल्यावरही मीटरवर साखर 66 होती, म्हणजे अजूनही कमीच.

म्हणून आधी उपाशी पोटाचं बोलते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वरून चालताना स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. साखर कोसळायला आणखी काय हवं? मेसेजमध्ये मधुमेहाचा एक शब्द नाही, आणि तो पोहोचतो नेमका अशाच घरांमध्ये. एवढं मान्य करते की उपाशी पोटी चालताना चरबीचा वाटा थोडा जास्त जळतो. पण शरीर दिवसभरात तो हिशेब सारखा करतं, वजनात त्याने फरक पडत नाही. उलट जेवणानंतर चाललं तर साखर उतरायला मदत होते. ज्यांना अशी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, आणि खिशात साखर ठेवावी.

आता घाम. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. तो अंगावरून उडून जातो तेव्हा अंग गार होतं, त्याचं काम तेवढंच. ठाण्याच्या दमट हवेत तो आधीच नीट उडत नाही, त्यावर प्लास्टिक चढवलं की अंगातली उष्णता आतच कोंडते. आणि पाणीही प्यायचं नाही! मावशीचा काटा त्या दिवशी 600 ग्रॅम कमी दाखवत होता, ती त्यातही खूश होती. 600 ग्रॅम चरबी म्हणजे साडेचार हजारांहून जास्त कॅलरी. संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं आणि वजन होतं तिथे आलं. जळलेली चरबी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो हिशेब छापून आलाय: 84 टक्के श्वासातून, उरलेलं पाण्याच्या रूपात.

800 चा आकडा तर कागद-पेन्सिल घेऊनच बघा. वेगवेगळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याची 'कम्पेंडियम ऑफ फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटीज' नावाची यादी 1993 पासून आहे, जगभर तीच वापरतात. शांत बसल्यावर किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी लागते, त्याला 1 मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं म्हणजे साधारण साडेतीन मेट. 64 गुणिले 3.5 गुणिले अर्धा तास, झाल्या 112. त्यातल्या 32 घरी बसूनही जळल्याच असत्या. उरल्या 80, म्हणजे साधारण एक फुलका. मावशीला 800 जाळायच्या तर 25 मेट लागतील. याच यादीच्या 2011 च्या आवृत्तीत ताशी 22.5 किलोमीटर वेगाने धावण्याला 23 मेट दिलेत. केनियाचा धावपटू केल्व्हिन किप्टुम याने 2023 साली शिकागोत 2 तास 35 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, त्याचा वेग होता ताशी 21. उपवनला चालणाऱ्या बाईकडून त्याच्याही वरची अपेक्षा! वजन जास्त असेल किंवा येऊरचा चढ असेल तर आकडा वाढतो, हे खरं. पण दहापट नाही.

पट्ट्याने आधी पोट उतरत नाही. चरबी कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं.

घड्याळाचंही तसंच. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं 60 जणांवर तपासली. नाडी बहुतेकांनी बरोबर मोजली. कॅलरी मोजताना मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्के. त्या आकड्याच्या भरवशावर वडापाव खाऊ नका. नवख्या माणसाने चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढं बघितलं तरी वेग पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटना असा व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं करायला सांगते.

मावशी आता डॉक्टरांना विचारून, नाश्ता करून, सुती कुर्त्यात जाते, हातात पाण्याची बाटली. ग्रुपवर तिने स्वतःच लिहिलं, "तो मेसेज पाळू नका, मी चक्कर येऊन बसले होते." खाली लगेच दोघींनी विचारलं, "अगं, मग रेनकोट चालेल ना?" नाही, रेनकोटही चालणार नाही.