केप्याचा क्यू

एक्स दिसला की माझ्या तोंडून आधी ‘श’ निघतो. यात माझा काय दोष? आमच्या गोव्यातल्या शेल्डे गावाची इंग्रजी पाटी वाचा: एक्स, ई, एल, डी, ई, एम. शेवटचा एम उच्चारायचा नसतो, नाकात जिरवायचा असतो. डिचोलीची सुरुवात बीने होते, केप्याची क्यूने. आणि आमचे कवळे, शांतादुर्गेचे, कागदोपत्री क्यू-यू-ई-यू-एल-ए! पोर्तुगिजांकडे ‘के’ अक्षराला थारा नव्हता, म्हणून नुसते ‘के’ म्हणायला क्यू, यू आणि ई अशी तिघांची वरात काढायची. या पाट्या वाचत वाढलेला आणि मराठी शाळेत पाचवीला एबीसीडीचे तोंड पाहिलेला माणूस इंग्रजी शब्द जुळवायला बसला तर काय होणार?

ते यंदा गणेशचवथीला झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि रिवाजाप्रमाणे वीज गेली. जेवणातले भाज्यांचे खतखते अंगावर आले होते, छान डोळा लागत होता, तेवढ्यात पणजीहून आलेल्या आठवीतल्या भाचीने स्क्रॅबलचा खोका काढला.

“मामा, सात सोंगट्या घ्यायच्या आणि शब्द करायचा. सोप्पं आहे.”

माखरासमोर पाटावर बोर्ड मांडला. समईच्या उजेडात मी माझी पट्टी पाहिली: क्यू, एक्स, व्ही, आय, आय, ई, ई. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे. क्यूला डावीकडे नेले, उजवीकडे नेले. हिश्श्यावरून बोलणे बंद झालेल्या भावांमध्ये मामाला बसवतात तसा क्यू आणि एक्सच्या मध्ये एक आय बसवला. काही उपयोग नाही. गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीतल्या कांगल्याचा एक केशरी दाणा टपकन बोर्डावर पडला. “ही माझी कोरी सोंगटी, म्हणजे हवं ते अक्षर,” मी म्हणालो. भाचीने तो दोन बोटांनी उचलून निर्विकारपणे खिडकीबाहेर टाकला.

आई ऐंशीची. पोर्तुगीज शाळेत दोन वर्षे गेलेली. तिने चष्मा सरसावून क्यू पाहिला आणि म्हणाली, “केपें लाय मरे!”

“आजी, गावांची नावं चालत नाहीत.”

खरे तर यू, पी आणि एम यांपैकी एकही माझ्याकडे नव्हते. तरी मी केप्यासाठी भांडलो. चांगले १९ पॉइंटांचे गाव, तालुक्याचे ठिकाण, आणि चालत नाही म्हणजे काय?

मग भाचीने माझे ज्ञान वाढवले. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९३०च्या दशकातल्या मंदीत, नोकरी गेल्यावर हा खेळ रचला. वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरे मोजून त्याने सोंगट्यांचा हिशेब बसवला: १०० सोंगट्यांत ई १२, क्यू एकच, पण १० पॉइंटांचा. नोकरी गेलेल्या माणसाने पेपरातली अक्षरे मोजावीत हे मला पटते. पण त्याने आमच्या सासष्टी तालुक्याची मतदारयादी मोजायला घेतली असती तर? एक्स मूठभर ठेवावे लागले असते, आणि नाकात जिरवायचे एम वेगळ्या पिशवीत.

शेवटी मी क्यू पिशवीत परत टाकला. सोंगटी बदलली की पाळी जाते. गेली तर गेली, ब्याद टळली. पुढच्याच खेपेला भाचीने पिशवीत हात घातला, गालात हसली आणि तिहेरी अक्षराच्या घरावर तोच क्यू ठेवला. त्याला आडवा एक आय जोडला, उभा एक आय बोर्डावर होताच.

“ची. बासष्ट.”

“बासष्ट काय?”

“पॉइंट. ची म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. क्यू, आय. डिक्शनरीत आहे.”

म्हणजे एक्सचा श केला की मामा अडाणी, आणि क्यूचा च केला की ६२ पॉइंट! वर ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “मामा, तुमच्याकडे तर दोन आय होते ना?” होते. क्यूच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

यानंतर मी खेळलो ते केवळ रागाने. नव्या सोंगट्यांत एफ आणि एन आले. ई आणि आय घरचेच होते. दुहेरी शब्दाच्या घरावरून मी मुद्दाम लावून टाकले: फेणी. खोडून काढ म्हटले. भाचीने मोबाइलमधली डिक्शनरी उघडली आणि तिचा चेहरा पडला.

“चालतं.”

केपे चालत नाही, कवळे चालत नाही, फेणी चालते! साताचे दुप्पट १४. मी पाटावर हात आपटून ओरडलो, “फेणी! फेणी!”

आई माखराकडे बघत ताडकन उठली. “देवासमोर? सोप्यावर न्या ते आधी!”

मी पाट बोर्डासकट उचलला. उंबऱ्याशी पाय अडखळला, पाट कलला आणि सगळी अक्षरे घरंगळत अंगणातल्या पाण्यात गेली.

दारातून आईचा आवाज आला, “सांडली मगो फेणी!”