दीपनगर बंद होत नाही, आणि वीज उन्हामुळे महाग झालेली नाही

गेल्या काही आठवड्यांपासून भुसावळ, जळगाव, धुळे परिसरातील बहुतेक व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: पाश्चिमात्य देशांना खूष करण्यासाठी सरकारने हवामानाची उद्दिष्टे स्वीकारली, त्यापायी भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक वीजकेंद्र बंद पडणार, सौर आणि पवन ऊर्जेमुळे वीजबिल वाढले, सूर्य रात्री नसल्याने शेतकरी अंधारात बसणार, पॅनेल चीनचे असल्याने देश परावलंबी होणार, सौर प्रकल्प शेतकऱ्याच्या जमिनी गिळणार, तेव्हा घरचा कोळसा असताना हे सारे गुंडाळून ठेवावे. संदेश लिहिणारा अगदीच अडाणी नाही. त्यातील दोन मुद्द्यांत तथ्य आहे आणि एक मुद्दा जवळजवळ पूर्ण खरा आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

दीपनगरचा मुद्दा लवकर आटोपतो. तेथे प्रत्येकी 500 मेगावॉटचे दोन संच चालू आहेत आणि अलीकडेच 660 मेगावॉटचा सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणारा) संच त्यांच्या जोडीला आला आहे. बंद करायच्या केंद्रात कोणी नवा संच उभारत नाही. भारताने स्वीकारलेली उद्दिष्टेही मुळातून पाहावीत: 2030 पर्यंत स्थापित क्षमतेपैकी, म्हणजे उभारलेल्या सर्व वीजकेंद्रांच्या एकूण ताकदीपैकी, निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांची असावी आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठावे, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषलाही जावा. यांत कोळसा अमुक वर्षी बंद करू असे वचन कोठेही नाही. उलट 2021 च्या ग्लासगो हवामान परिषदेत अंतिम मसुद्यातील कोळसा ‘बंद करण्याचे’ शब्द बदलून ‘टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे’ शब्द घालायला लावण्यात भारतच पुढे होता. पाश्चिमात्यांपुढे मान तुकवणारा देश असे वागत नाही. आपले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, हा संदेशातील दाखला बरोबर आहे, आणि भारत वाटाघाटीत तोच दाखला देत आला आहे.

दुसरा मुद्दा बिलाचा. येथे वाचकाने आपलेच बिल हाती घ्यावे, कारण उत्तर त्याच कागदावर आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, त्याखाली इंधन समायोजन आकार आणि शेवटी वीज शुल्क, जे घरगुती ग्राहकाला 16 टक्के लागते. यांतील इंधन समायोजन आकार महिन्यागणिक का हलतो, हे संदेश सांगत नाही. वीजखरेदीचा आणि त्यातही कोळशाचा खर्च मंजूर अंदाजापेक्षा वाढला की तो फरक या ओळीतून ग्राहकाकडून वसूल होतो. उन्हाचा आणि वाऱ्याचा भाव वाढत नसल्याने त्यांच्या नावाने अशी वाढ कधी लागत नाही. सौर वीज एकेकाळी महाग होती, हे खरे. 2010 च्या पहिल्या राष्ट्रीय लिलावात युनिटचा सरासरी दर 12 रुपयांच्या घरात होता आणि त्या काळातील काही महागडे करार अजून चालू आहेत. परंतु 2017 मध्ये राजस्थानातील भडला येथे तोच दर 2 रुपये 44 पैशांवर आला. आजचे बिल सौरऊर्जेने वाढवले असे म्हणणाऱ्याने यांपैकी कोणता दर आपण गृहीत धरला, एवढे तरी सांगावे.

कोळसा ‘घरचा’ आहे, हे विधान देशापुरते बरेचसे खरे आणि खान्देशापुरते मुळीच खरे नाही. आपल्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे, त्यात कोळसा नाही. दीपनगरला तो रेल्वेच्या वाघिणींतून येतो. देशाचे कोळसा उत्पादन 2024-25 मध्ये 100 कोटी टनांच्या पुढे गेले, तरी त्याच वर्षी 20 कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेरून आणावा लागला. त्यातला काही भाग पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा आहे, हे सोडून देऊ. पण एप्रिल 2022 आठवावा. उन्हाळा लवकर आला, मागणी चढली, केंद्रांवरील साठे खाली गेले. कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या आणि औष्णिक केंद्रांना 10 टक्क्यांपर्यंत आयात कोळसा मिसळण्याचे आदेश निघाले. युक्रेन युद्धामुळे जागतिक भाव भडकलेले असताना ही खरेदी झाली. ऊर्जासुरक्षा म्हणजे केवळ खाणीचा मालक कोण एवढेच नव्हे; खाण, रूळ, वाघिणी आणि पाणी या साखळीतील कोणतीही कडी मे महिन्यात तुटू नये, असा तिचा अर्थ आहे.

पाण्याकडे तर हा संदेश पूर्ण काणाडोळा करतो. शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना 2015 च्या अधिसूचनेने मेगावॉट-तासाला कमाल 3.5 घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. ही मर्यादा पाळली तरी 500 मेगावॉटचे दोन संच पूर्ण भाराने चालताना ताशी सुमारे 35 लाख लिटर पाणी पितात. हे पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते, आणि त्याच धरणावर भुसावळ शहराचीही तहान आहे. पारा 45 अंशांवर चढलेला असताना, दारातल्या टाकीत नळाचे पाणी कधी पडेल याची वाट पाहणाऱ्या माणसाला कोळशाची वीज स्वस्त कशी, हे पटवून देणे अवघड आहे.

आता सूर्य रात्री नसतो, या सर्वांत आवडत्या युक्तिवादाकडे येऊ. तो नसतोच. संध्याकाळी सात वाजता, पॅनेल निजलेली आणि घरोघरी कूलर व दिवे चालू असताना, विजेचा भार मुख्यतः कोळसा व जलविद्युत यांना उचलावा लागतो, आणि साठवणूक पुरेशी वाढेपर्यंत हे बदलणार नाही. देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली अशी बातमी 2025 मध्ये आली. तिचा अर्थ निम्मी वीज तेथून येते असा कोणी लावू नये, कारण निर्मितीत कोळशाचा वाटा आजही दोन तृतीयांशांहून अधिक आहे. पण संदेशकर्त्याने दिवसाचा हिशेब गाळला आहे. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 250 गिगावॉटच्या (अडीच लाख मेगावॉटच्या) विक्रमावर पोचली ती दुपारी, ऐन उन्हाच्या वेळी. आणि पॅनेल मंदावण्याच्या आषाढ-श्रावणात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या सर्वाधिक फिरतात.

शेतकरी अंधारात बसणार, हे वाक्य मात्र रावेर-यावलच्या केळी बागायतदाराने वाचले तर त्याला हसावे की रडावे कळणार नाही. तो अंधारात कधीपासूनच आहे. कृषी वाहिनीला एक आठवडा दिवसा तर दुसरा आठवडा रात्री थ्री-फेज पुरवठा, हे वेळापत्रक येथे वर्षानुवर्षे चालत आले. रात्री एक वाजता बॅटरी घेऊन, पायाखाली साप आणि बांधापलीकडे बिबट्या नसल्याची मनाशी खात्री करत मोटार चालू करायला जाणे, आणि तेवढ्यात फेज गेली की ठिबकच्या नळ्या कोरड्या पाहत बसणे, हे कोळशावर चालणाऱ्या व्यवस्थेतच घडत होते. पाण्याची मोटार ही दिवसा चालवता येणारी सर्वांत सोयीची वस्तू आहे. तिला संध्याकाळचा हट्ट नाही. म्हणूनच सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचा विचार आला. ही योजना सर्वत्र वेळेवर पोचली असे मी म्हणणार नाही. पण अडचण अंमलबजावणीची असेल तर तिचे खापर सूर्याच्या माथी मारू नये.

चिनी पॅनेलचा आक्षेप गंभीर आहे, कारण पॅनेल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. देशांतर्गत सेल आणि वेफरचे (सेल ज्यापासून बनतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे) कारखाने वाढवायलाच हवेत, आणि तोवर थोडे जास्त दाम मोजावे लागतील, हेही मान्य करावे. तरीही बाहेरून बैल आणणे वेगळे आणि बाहेरून रोजचा चारा आणणे वेगळे. आणलेले पॅनेल 25 वर्षे चालते, पुरवठा थांबला तरी ते विझत नाही. आयात कोळसा जळून जातो, उद्या पुन्हा आणावा लागतो.

राहिला जमिनीचा मुद्दा, जो जवळजवळ पूर्ण खरा आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणच्या धर्मा पाटील यांची जमीन वीजप्रकल्पासाठी गेली, आणि रास्त मोबदल्यासाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवून जानेवारी 2018 मध्ये वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी प्राण गमावले. खान्देशात हे नाव उच्चारल्याशिवाय कोणत्याही वीजप्रकल्पाबद्दल बोलता येत नाही, मग तो कोळशाचा असो वा उन्हाचा. परंतु संपादन आणि भाडेपट्टा यांत फरक आहे. सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन मालकाच्याच नावावर राहते आणि हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी 3 टक्के वाढीसह, ठरलेले आहे. आपल्या गावातल्या करारात हा आकडा आहे का, भाडे कोणत्या महिन्यात जमा होते आणि पट्टा संपल्यावर पाया उखडून जमीन परत कोण करून देणार, हे ग्रामसभेत विचारता येते.