दोनशे मेगापिक्सलवाल्या निरोपाला चोवीसवाल्याचं उत्तर

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय. बेळगावातल्या शहापूरच्या एका गिऱ्हाइकानं तो मलाच, म्हणजे लग्नाच्या फोटोग्राफरलाच पाठवला, तेही ॲडव्हान्स द्यायच्या आदल्या दिवशी. मतलब असा: फोटोग्राफरचा कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, मोबाईल २०० चा, मोबाईल अंधारातही फोटो काढतो, एडिटिंग ॲप फुकटात करून देतं, मग अल्बमचे पैसे म्हणजे लूट. खाली त्यांची स्वतःची ओळ, "पोराच्या मोबाईलात दोनशे हाय की!"

आधी दोनशेचं बघू. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, उजेड टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिलिमीटर. मोबाईलचा २०० मेगापिक्सलवाला सेन्सर साधारण १० बाय ७, म्हणजे त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके; तेवढ्याशा जागेचे वीस कोटी तुकडे. बापाची वीस गुंठे जमीन दोनशे वारसांत वाटली म्हणून ऊस जास्त निघत नाही. हे मोबाईल बनवणाऱ्यांनाही कळतं, म्हणून एरवी हा मोबाईल सोळा-सोळा पिक्सल एकत्र करून बारा मेगापिक्सलच्या आसपासचाच फोटो देतो. आणि लागतात किती? बारा बाय छत्तीसच्या अल्बमचं अर्धं पान बारा बाय अठरा इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० बाय ५४००, वीस मेगापिक्सलच्या आत. चोवीसचा फोटो तिथं बसून वर थोडा कापायलाही उरतो.

अंधाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे जुन्या जैन मंदिराचा संध्याकाळचा फोटो मोबाईल झकास काढतो; बस्ती हलत नाही. नाईट मोड लागोपाठ अनेक फोटो घेऊन एकावर एक बसवतो. आता तोच मोबाईल घेऊन शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मध्यरात्री उभे राहा. झांज वाजवणाऱ्याचा हात प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, त्यामुळे एक तर हात पुसट होतो, नाहीतर त्याला सावलीसारखा जोडीदार फुटतो. तिथं मोठा सेन्सर आणि जास्त उजेड आत घेणारी एफ १.८ ची लेन्सच लागते.

पण महागडा कॅमेराही तारतोच असं नाही. खानापूरकडच्या एका हॉलमध्ये मी आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटरवर अक्षता टिपत होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि हे शटर फोटो ओळीओळीनं वाचतं. डोळ्याला दिसत नाही, फोटोत दिसतं: नवरीच्या तोंडावर आडवे काळे पट्टे. नशीब, वेळेत लक्षात आलं. मेकॅनिकल शटर लावलं, वेग सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणला, पट्टे गेले. तेव्हापासून हॉलचे दिवे आदल्या दिवशी बघून येतो.

फुकटच्या एडिटिंगबद्दल मी निरोपाशी भांडणार नाही. डार्कटेबल, गिंप ही एडिटिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. मी दुसऱ्या सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं भरतो ते निव्वळ सवयीनं. भांडण आहे ते एका बटणात सगळं उरकणाऱ्या ॲपशी. हळद लागलेल्या नवरीचा चेहरा त्यानं असा गोरा केला, की हळदच गेली! शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, चौदा बिटांच्या रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, १६,३८४. शालूचे जरीकाठ फोटोत पांढरे पडत चालले असतील, तर रॉमधून बरेच परत आणता येतात. आणि आपल्याकडं अल्बमवर नावं मराठीत हवीत, सोयरे कानडी असले तर कन्नडमध्येही. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केली नाही, तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. हे ज्याच्या हातून एकदा छापून आलंय, त्यालाच ठाऊक.

लुटीबद्दल एवढंच: प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, कारण अक्षता पुन्हा पडत नाहीत. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची राखणही करावी लागते. मात्र मेगापिक्सलची टिमकी आधी आमच्याच धंद्यानं वाजवली, हेही खरं.

त्या गिऱ्हाइकाला म्हटलं, पोराचा एखादा फोटो पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. आला. ४००० बाय ३०००, म्हणजे बारा मेगापिक्सल. ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी मिळाला, एका अटीवर: हळदीचं रील पोरगाच मोबाईलवर काढणार. मी लगेच हो म्हटलं. दुपारच्या उन्हात तो माझ्यापेक्षा बरं काढेल.