खुलासा: अर्जाआधी सगळ्या मंजुऱ्या लागत नाहीत

‘बहुकेंद्री क्लिनिकल ट्रायलसाठी (अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणारी उपचारांची चाचणी) अमेरिकेच्या एनआयएचकडे (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) निधीसाठी अर्ज करायचा, तर आधी प्रत्येक रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची (सहभागी रुग्णांचे हित जपले जाते का, हे तपासणारी समिती) मंजुरी हवी,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. मंजुरी नसतानाही अर्ज भरता येतो. छाननीत प्रस्ताव वर आला की निधी देण्यापूर्वी मंजुरीचा दाखला मागतात.

शिवाय २५ जानेवारी २०१८ पासूनच्या अर्जांसाठी, एकच प्रोटोकॉल (संशोधनाचा लेखी आराखडा) राबवणाऱ्या अमेरिकेतल्या केंद्रांना साधारणपणे एकच कमिटी पुरते; परदेशी केंद्रांना हा नियम लागू नाही. मात्र त्या एका कमिटीचा निर्णय मान्य असल्याचा लेखी करार प्रत्येक केंद्राला करावा लागतो. सह्यांसाठी कागद महिनोन्महिने फिरत राहू शकतो. त्यामुळे मंजुऱ्यांसाठी अर्ज अडवून धरू नका, कृपा करून. कराराची बोलणी तेवढी आत्ताच सुरू करा.