कोल्ह्याचे खळे

गेल्या मंगळवारी त्वचारोगतज्ज्ञांच्या खोलीतून बाहेर येऊन मी बिलाची वाट पाहत बसलो होतो आणि हातातला कागद मांडीवर उलटा ठेवण्याची खबरदारी मला सुचली नाही, एवढाच माझा गुन्हा. माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूस बटणाएवढ्या जागेवरचे केस एकाएकी गेले आहेत. ती जागा मला दिसत नाही, म्हणून जगालाही दिसत नसावी, अशी माझी समजूत होती. शेजारच्या खुर्चीवरील दाट पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मात्र आधी माझा कागद आणि मग माझी मान, अशी दोन्ही निवांत वाचून काढली.

“अलोपेशिया एरियाटा!” गवयाने समेवर यावे तसे ते म्हणाले. “वा! कोल्हा!”

“कोण कोल्हा?”

“अलोपेक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोल्हा. खरूज होऊन कोल्ह्याचे केस झडतात, त्यावरून अलोपेशिया. आणि एरिया हा शब्द आपण उठल्यासुटल्या वापरतो, तो लॅटिनमध्ये मोकळ्या, सपाट जागेसाठी होता. धान्य मळण्याच्या खळ्यासाठीसुद्धा. म्हणजे तुमच्या डोक्यावर, पाहा, कोल्ह्याचे खळे पडले आहे.”

हे सांगताना त्यांनी तर्जनीने हवेत, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, ते खळे गोल आखून दाखवले. अशा प्रसंगी काय बोलावे हे मला कधीच सुचत नाही. मी ओशाळे हसून “नाइस” म्हणालो आणि तिथेच फसलो.

“नाइस? नेस्कियस, म्हणजे अजाण, या लॅटिन शब्दापासून तो आला आहे. मध्ययुगीन इंग्रजीत एखाद्याला नाइस म्हणणे म्हणजे मूर्ख म्हणणे. उलट सिली म्हणजे पूर्वी धन्य, पुण्यवान.”

मी त्यांना मनातल्या मनात सिली म्हटले आणि ते जुन्या अर्थाने मुळीच नव्हते.

“कारण काय सांगितले?” त्यांनी विचारले. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटली आहे, याला ऑटोइम्यून म्हणतात, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मी म्हणालो. त्यावर त्यांचे डोळे चमकले. रोममध्ये ज्याला सार्वजनिक कर्तव्यांतून आणि करांतून सूट असे, तो इम्युनिस. म्हणजे इम्युनिटी ही मुळात करमाफी, असे त्यांनी मला ऐकवले. मी बिलाच्या खिडकीकडे पाहिले. तिथे मला कसलीही माफी मिळण्याचे चिन्ह नव्हते.

“आणि ती उलटली कशामुळे?”

“इडियोपॅथिक.”

“अहाहा! इडिओस म्हणजे स्वतःचा, पॅथॉस म्हणजे पीडा. आपल्या आपण उपटलेला रोग. इडियट हा शब्दही त्याच घरातला.”

इथे मात्र माझे हसू ओसरले. इडियोपॅथिक या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ ‘कारण माहीत नाही’ इतकाच आहे. हे वाक्य मराठीत बोलायला मला कोणी पैसे देणार नाही. तेच ग्रीकमध्ये कागदावर लिहिले की निदान ठरते आणि खाली सही-शिक्का येतो. शिवाय या भारदस्त नावांचा भरवसा तरी काय? मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. हा रोग दलदलीच्या दूषित हवेतून होतो, असे लोक मानत होते. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याचे जंतू सापडले, तरी नाव आजतागायत बिचाऱ्या हवेलाच बदनाम करत आहे.

यातले काहीच मला तेव्हा बोलता आले नाही. रात्री शब्दकोश चाळताना सेस्क्विपेडेलियन हा शब्द सापडला. रोमन कवी होरेसने अवजड शब्दांना ‘दीड फूट लांबीचे’ म्हटले, त्यावरून तो आला. दीडशहाण्यांच्या तोंडी शब्दही दीड फुटीच असायचे, हे उत्तर मंगळवारी दुपारी सुचले असते तर माझा आठवडा बरा गेला असता.

तेव्हा मात्र मी गप्पच होतो. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी आल्या. रुग्ण त्या होत्या. या गृहस्थांना काहीही झालेले नव्हते.

“अहो, पुन्हा सुरू झालात का?” त्या त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “यांचं काही मनावर घेऊ नका हं.”

मी कृतज्ञतेने मान लववली. तीच चूक झाली.

“अगंबाई, चाई पडलीय की तुम्हाला!”

ग्रीक आणि लॅटिन चालू असताना मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या त्या खोलीतील प्रत्येकाने एकदम मान वर केली आणि समोरच्या बाकावरील एक लहान मुलगा तर नीट दिसावे म्हणून बाकावर उभा राहिला. बिल अजून तयार झाले नव्हते.