साउंडबार घेताय? आधी माणसाचा आवाज ऐका, मग बेस

परवडणारा साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर) आणि सोबत सबवूफर (खालच्या सुरांची, म्हणजे बेसची वेगळी पेटी) असा संच घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बेस कसा आहे?" मला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला प्रश्न हा, की संवाद कळतात का? शेजारी बसलेल्याला "काय म्हणाला तो?" असं न विचारता, रिमोट हातात न धरता अख्खा सिनेमा बघून होतो का? कमी किमतीच्या साउंडबारने एवढं केलं तर त्याने आपलं काम चोख केलं. हे जमत नसेल, तर सबवूफरने खिडक्यांची तावदानं हादरवली तरी मी तो संच कुणाला घ्या म्हणून सांगणार नाही.

आमच्या घरी साउंडबार आला तोच या कारणासाठी. बाबांना टीव्हीवरचं बोलणं नीट कळत नव्हतं. दोन माणसं हळू बोलायला लागली की ते आवाज वाढवायचे, लगेच मारामारी सुरू झाली की आई आतून ओरडायची आणि ते घाईघाईने कमी करायचे. सिनेमाभर अंगठा व्हॉल्यूमच्या बटणावरच. त्यांना वाटायचं आपले कान गेले. कान थोडे मंदावलेत हे खरं, पण मोठा दोष टीव्हीच्या बांधणीत होता, आणि तो कमी-जास्त प्रमाणात जवळजवळ प्रत्येक सपाट टीव्हीत असतो.

टीव्ही जितका पातळ, तितकी स्पीकरला जागा कमी. शिवाय पडद्याभोवतीची चौकट बारीक ठेवायची म्हणून स्पीकरची तोंडं बहुतेक वेळा खाली किंवा मागे वळवलेली असतात. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत पोचतो. यात सगळ्यात आधी मार खातात ती व्यंजनं. स्वरांचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, पण त, ठ, स, श यांची ओळख पटवणारा बराचसा भाग साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. हे वरचे आवाज सरळ जातात, मागे-खाली वळवले की क्षीण होतात. मग पडद्यावरचा माणूस "सात" म्हणाला की "साठ" तेच कळत नाही. आवाज वाढवावा, तर स्वरही तेवढेच मोठे होतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दबलेलीच राहतात. वय वाढतं तसे कानही नेमके याच वरच्या पट्ट्यात आधी मंदावतात, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना हा त्रास जास्त. त्यात सिनेमाचा ५.१ साउंडट्रॅक (पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून केलेला) असेल तर संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात, आणि टीव्ही ते सगळे चॅनेल आपल्या दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबतो.

म्हणून साउंडबारचा पहिला फायदा अगदी साधा आहे. त्याच्या स्पीकरची तोंडं आपल्याकडे असतात. स्वस्तातला बारसुद्धा एवढ्या एका गोष्टीत टीव्हीला मागे टाकतो. मात्र तो टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवा. मागे सरकवून ठेवला तर आवाज टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळून येतो आणि पुन्हा तीच रड.

आता सबवूफर. तो धमक देण्यासाठी असतो असं सगळे धरून चालतात. माझ्या मते त्याचं मोठं काम वेगळं आहे: बारच्या खांद्यावरचं ओझं काढणं. खालचा सूर काढायला हवा जास्त हलवावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागे-पुढे व्हावं लागतं. साउंडबारमधल्या दोन-अडीच इंची स्पीकरला हे झेपत नाही. बेस काढायच्या धडपडीत तो माणसाचा आवाजही खराब करून ठेवतो. तो भार वेगळ्या पेटीवर टाकला की बार मोकळा होतो आणि बोलणं स्वच्छ ऐकू येतं. सबवूफर चांगला असेल तर संवादही सुधारतात, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पण इथेच स्वस्त संचाची खरी परीक्षा आहे, आणि तिच्याबद्दल बॉक्सवर काहीही लिहिलेलं नसतं. बार कुठे थांबतो आणि सबवूफर कुठून सुरू होतो, तो सांधा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे आपल्या कानाला सहसा कळत नाही. म्हणूनच टीएचएक्सच्या (सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या कंपनीच्या) शिफारशीत हा सांधा ८० हर्ट्झवर असतो. छोट्या बारला तेवढं खाली उतरता येत नाही, त्यामुळे स्वस्त संचात सबवूफरला बरंच वरपर्यंत, अगदी १५० हर्ट्झपर्यंत किंवा त्याहूनही वर गावं लागतं. आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो! म्हणजे भारदस्त आवाजाच्या माणसाचा खालचा भाग चक्क सबवूफरमधून येतो. ती पेटी तुम्ही सोफ्याच्या मागे ठेवलीत, तर त्या माणसाचं तोंड समोर आणि छाती तुमच्या पाठीमागे, असं काहीतरी विचित्र ऐकू येतं.

"वायरलेस सबवूफर, कुठेही ठेवा" ही जाहिरात म्हणूनच मला अजिबात आवडत नाही. बारच्या जवळ, समोरच्याच बाजूला ठेवा. आणि वायरलेस म्हणजे बार आणि सबवूफर यांच्यामधली वायर तेवढी नसते. विजेची वायर असतेच, तेव्हा प्लग कुठे आहे तेही आधी बघून ठेवा.

हा सांधा ऐकायचा माझा आवडता मार्ग म्हणजे तबला. निव्वळ तबलावादनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. दायाँची (उजव्या हाताच्या तबल्याची) चाट आणि टणत्कार बारमधून येतो, बायाँचा (डग्ग्याचा) घुमारा सबवूफरमधून. दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली, शेजारी शेजारी वाजताहेत असं वाटलं तर सांधा जमलाय. बायाँ कोपऱ्यात आणि दायाँ पडद्याखाली असं वाटलं तर पेटीची जागा बदला, तरीही तसंच राहिलं तर संच बदला. बायाँवर मनगट सरकवून काढलेली मींड तर फारच उपयोगी. तिच्यात सूर वर चढताना स्पष्ट कळायला हवा. हलक्या सबवूफरवर ती मींड नाहीशी होते आणि प्रत्येक आघात एकाच सुरात "ढुम्म" होतो. बेस भरपूर असणं आणि बेसमध्ये सूर असणं यातला फरक कळायला दुसऱ्या कुठल्याही चाचणीची गरज नाही.

खोलीचाही यात मोठा हात असतो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. खोली साडेतीन मीटरच्या आसपास लांब असेल तर बरोबर अर्धी लहर तिच्यात बसते आणि तो एकच सूर फुगतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बेस आणखी वाढतो, म्हणून दुकानातला माणूस किंवा इन्स्टॉलेशनला आलेला मुलगा तो हमखास कोपऱ्यात सारतो. आमच्याकडेही तसाच बसवला होता. बातम्या लावल्या की निवेदकाच्या आवाजामागे सतत एक हुंकार. "नमस्कार" म्हटल्यावर शेवटचा "आर" पेटीत घुमत राहायचा. कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणि बारच्या बाजूला घेतला, सबवूफरची पातळी दोन घरं उतरवली, आणि तो हुंकार गेला. जागा सापडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि पुढच्या भिंतीलगत वाकून ऐकत फिरा. जिथे बेस सगळ्यात समतोल वाटेल, तिथे पेटी ठेवायची.

पातळी किती ठेवावी, याचं माझं उत्तर: सिनेमा चालू असताना सबवूफर अगदी कमी करून बघा. काहीतरी गेल्यासारखं, आवाज पोकळ झाल्यासारखं वाटलं तर आधीची पातळी बरोबर होती. उलट हायसं वाटलं तर ती जास्त होती. म्हणून सबवूफरची पातळी रिमोटवरून वेगळी बदलता येते का, हे घेताना बघायलाच हवं. ज्यात फक्त "बेस बूस्ट चालू-बंद" आहे तो संच मी घेणार नाही. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय. त्यामुळे रात्री आवाज कमी ठेवताना सबवूफर थोडा वर घ्यावा लागतो आणि मोठ्याने लावताना खाली. एकाच पातळीवर वर्षभर चालवणं शक्य नाही. नाईट मोड असेल तर तो जरूर वापरा. तो स्फोट दाबतो आणि कुजबुज उचलतो, बाबांच्या रिमोटचं निम्मं काम तिथेच संपलं. खालच्या मजल्यावर लोक राहत असतील तर पेटीखाली जाड रबराचा तुकडा घाला, थरथर जमिनीत उतरायची थोडी कमी होते.

वॅट्सबद्दल थोडक्यात. पीएमपीओचा (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला) आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) बघा आणि त्यालाही फार भाव देऊ नका. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १०० आणि १२० वॅटच्या संचात ऐकून सांगता येईल असा फरक नसतो. "४० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" या ओळीचंही तेच. किती डेसिबलच्या चढउतारात, हे लिहिलेलं नसेल तर त्या ओळीतून काहीच कळत नाही.

जोडणीवर मात्र वेळ घालवा, कारण बऱ्याच तक्रारी तिथून येतात. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या ज्या पोर्टवर "आर्क" किंवा "ईआर्क" लिहिलंय त्याच पोर्टला बार जोडायचा, दुसऱ्याला जोडला तर टीव्हीचा आवाज बारकडे जाणार नाही. आर्क २००९ पासून, म्हणजे एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हीतही ते सापडतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर बार चालू-बंद होतो. घरात मोठी माणसं असतील तर ही सोय मी आवाजाच्या दर्जाइतकीच महत्त्वाची मानतो. दोन रिमोटच्या भानगडीमुळे बंद पडून राहिलेले साउंडबार मी पाहिलेत.

ऑप्टिकल केबलने २.१ (डावा, उजवा आणि सबवूफर) बारचा आवाज तितकाच चांगला येतो, फक्त ही रिमोटची सोय सहसा मिळत नाही. ब्लूटूथवर फोनमधली गाणी ऐका, टीव्ही नको. आवाज ओठांच्या मागे पडतो आणि एकदा ते लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही. जोडणी बरोबर असूनही काही ठिकाणी आवाज येत नसेल, तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट "पीसीएम" (साधा, न आवळलेला आवाज) वर करून बघा. बारला डॉल्बी (आवळून पाठवलेला आवाज) उलगडता येत नसेल आणि टीव्ही डॉल्बीच पाठवत असेल, तर असं होतं.

डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज ऐकवणारं तंत्र, त्याच्या स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका, निदान या वर्गात तरी. वरून आवाज येण्यासाठी छतात स्पीकर लागतात, नाहीतर छताकडे तोंड केलेले स्पीकर बारमध्ये असावे लागतात. ते नसतील तर उंचीचा नुसता भास निर्माण केलेला असतो, आणि स्वस्त बारवर त्या भासापायी संवाद पातळ झालेले मी ऐकलेत. त्याच पैशात ३.१ (डावा, मधला, उजवा आणि सबवूफर) मिळत असेल तर डोळे मिटून ३.१ घ्या. तो मधला वेगळा स्पीकर मुख्यतः बोलण्यासाठी असतो.

दुकानात ऐकून बघायची संधी मिळाली तर तिथला डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. त्यात स्फोट आणि हेलिकॉप्टरच असतात. आधी बातम्या लावा, मग पावसातला किंवा गर्दीतला संवादाचा प्रसंग, मग तबला. आवाज बऱ्यापैकी वाढवा आणि दोन गोष्टींकडे लक्ष द्या: सबवूफरच्या भोकातून हवेचा फुस्सकन आवाज येतो का, आणि मोठा आघात आला की बाकीचा आवाज क्षणभर दबतो का. दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यात नेमका संवाद गिळला जातो, आणि कुठल्याही सेटिंगने तो जात नाही. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात एक संथ, शांत सिनेमा जरूर बघा. आवाज फार हळू असेल तर काही बार आपोआप झोपी जातात आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द खातात. परत करायची मुदत असेपर्यंत हे कळलेलं बरं.

आणि तुमच्याकडे टीव्ही कमी, गाणीच जास्त ऐकली जात असतील, तर हा सगळा विचारच सोडा. त्याच पैशात दोन साधे बुकशेल्फ स्पीकर आणि एक छोटा ॲम्प्लिफायर बघा. बारच्या दोन टोकांमधल्या थोडक्या अंतरातून येणाऱ्या स्टिरिओला मर्यादा आहेत. दोन स्पीकर सहा-सात फूट लांब ठेवले की गायक मधोमध उभा राहतो आणि तानपुरा त्याच्या मागे पसरतो, ते कुठलाही परवडणारा साउंडबार करू शकत नाही.