सुनेच्या भरवशावर बोलणाऱ्यांसाठी जपानचे खरे चित्र

"जपानी मुलांनी आईवडिलांना वाऱ्यावर सोडले, म्हणून सरकारला म्हाताऱ्यांसाठी विमा काढावा लागला, तो फुकटचा वृद्धाश्रम आहे, आपल्या घरांत सुना आहेत, आपल्याला त्याची गरज नाही," अशा आशयाचा मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. तो चुकीचा आहे.

मुळात तिथे मुले पळून गेली नव्हती. १९९७ साली कायदा होऊन एप्रिल २००० पासून 'काइगो होकेन' हा शुश्रूषा विमा लागू झाला, तोवर अंथरुणाला खिळलेल्यांचे सगळे बहुतांशी घरातल्या बायकाच, विशेषतः सुना, करत होत्या; ज्या घरांना ते झेपत नव्हते, तिथली माणसे उपचार संपल्यावरही महिनोन्महिने रुग्णालयात पडून राहत.

'वृद्धाश्रम' म्हणणेही खरे नाही, कारण बहुसंख्य लाभार्थी स्वतःच्या घरी राहूनच सेवा घेतात. सकाळी गाडी येऊन आजोबांना दिवसभराच्या केंद्रात नेते. तिथे आंघोळ, जेवण, व्यायाम होतो आणि संध्याकाळच्या आत ते घरी परततात. ज्यांना उठवताच येत नाही, त्यांच्या खोलीत एक परिचारिका आणि दोन मदतनीस सुटा टब घेऊन येतात, अंथरुणाशेजारी तो जोडतात, कोमट पाणी भरतात आणि आजींना अलगद उचलून न्हाऊ घालतात. घरच्या एकट्या बाईला हे कितीही माया असली तरी जमणारे नाही.

फुकट तर काहीच नाही. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो, निम्मा खर्च करांतून येतो आणि सेवा घेणारा १० टक्के, उत्पन्न जास्त असल्यास २० किंवा ३० टक्के रक्कम स्वतः देतो. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता २,९११ येनवरून ६,२२५ येनवर गेला आहे आणि सेवकांची टंचाई तीव्र आहे. टीका करायचीच तर इथे करावी.

राहिला सुनांचा मुद्दा. घरी शुश्रूषा करणाऱ्यांना रोख भत्ता द्यावा, अशी सूचना जपानमध्येही पुढे आली होती, पण त्याने सून आणखी जखडली जाईल, असे सांगत तिथल्या स्त्रीसंघटनांनी विरोध केला आणि अखेर रोख रकमेऐवजी सेवाच देण्याचे ठरले. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या आपल्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाहभत्ता मिळवण्याची तरतूद आहे. मात्र रात्री दर दोन तासांनी सासऱ्यांची कूस बदलणाऱ्या सुनेला एक रात्र झोप मिळावी, अशी तरतूद त्यात कुठेही नाही.